पहिली ऑरेंज वाइन : सांगली-तासगावच्या नवख्यांसाठी, बाटली शोधण्यापासून तिसऱ्या दिवसापर्यंत

ऑरेंज वाइन संत्र्याची नसते. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण सांगलीत आणि तासगावात मी ज्यांना ज्यांना ही बाटली दाखवली त्यातल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न हाच केला, "नागपूरची का?" ही वाइन द्राक्षाचीच. आपण ज्यांना हिरवी म्हणतो आणि वाइनवाले ज्यांना पांढरी म्हणतात, त्या द्राक्षांचा रस सालीसकट आणि बियांसकट आंबवला की तो मधासारखा, कधी कोऱ्या चहासारखा, कधी हळदीच्या पाण्यासारखा रंग धरतो. त्या रंगावरून हे नाव पडलं.

आमची बाग तासगाव तालुक्यात. आप्पांनी थॉमसन आणि सोनाका ही द्राक्षं केली, भाऊ आता तीच बाग बघतो. मी शेती शिकले आणि पुढे एका वाइनरीत हंगामभर प्रयोगशाळेत काम केलं. ऑरेंज वाइन पहिल्यांदा पाहिली ती तिथं, एका छोट्या टाकीत. नंतर ती विकत घेऊन प्यायला लागले तेव्हा मात्र बऱ्याच चुका झाल्या. महाग बाटली उन्हात तापली, चांगली बाटली बिघडलेली समजून ओतून दिली, एकदा तर नाव वाचून फसले आणि खरंच संत्र्याची गोड वाइन घेऊन आले. अलीकडे पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत ही वाइन दिसायला लागली आहे, आणि आपल्याकडची तरुण मुलं मला फोन करून विचारतात. त्यांना जे सांगते ते इथं एकदा नीट लिहून काढते.

आधी हाताशी काय हवं

- वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र. महाराष्ट्रात वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं. मद्यसेवन परवान्याचं दुकानातच विचारून घ्या, एक दिवसाचा परवाना बहुतेक दुकानांत तिथल्या तिथं करून देतात.
- खरेदीचं बिल. बाटली घरी पोचेपर्यंत ते टाकू नका.
- कॉर्क काढायचा साधा स्क्रू.
- पोट फुगीर आणि तोंड थोडं आवळलेलं असे दोन काचेचे ग्लास. स्टीलच्या पेल्यात ना रंग दिसत ना वास साठत.
- थर्माकोलचा किंवा फोमचा डबा आणि बर्फाच्या दोन पिशव्या. हे का लागतं ते पाचव्या पायरीत येईल.
- वही आणि पेन.

1. आधी सालीची चव ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पहिल्याच घोटाला "हे काय कडवट-तुरट?" म्हणून ग्लास बाजूला ठेवतात. म्हणून बाटली आणायच्या आधी घरी दोन गोष्टी करा. दोन्हीला मद्य लागत नाही.

पहिली : बी असलेलं द्राक्ष घ्या. मणी तोंडात फोडून गर गिळून टाका आणि साल व बी तोंडातच ठेवा. आता साल दाढेखाली अर्धा मिनिट चावा, मग बी फोडा. जीभ खरखरीत होते, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, तोंडातलं पाणी आटतं. कच्चा पेरू किंवा आवळा खाल्ल्यावर होतं तसंच. हे टॅनिन. गरात ते जवळपास नसतं, ते असतं सालीत, बीत आणि देठात.

दुसरी : दोन कपांत दूध-साखरेशिवाय चहा करा. एका कपातली पत्ती दोन मिनिटांत काढा, दुसऱ्यातली वीस मिनिटं राहू द्या. मग आळीपाळीनं प्या. पाणी तेच, पत्ती तीच, फरक फक्त वेळेचा.

नेहमीच्या पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षं आली की लगेच दाबून रस वेगळा करतात आणि साल फेकून देतात. आंबतो तो नुसता रस. रेड वाइनमध्ये काळ्या द्राक्षांचा रस सालीबरोबर आंबवतात, रंग सालीतून येतो. ऑरेंज वाइन म्हणजे पांढऱ्या द्राक्षांना रेड वाइनची रीत लावणं. साल किती दिवस ठेवली त्यावर सगळं ठरतं. दोन-तीन दिवस ठेवली तर रंग फिका सोनेरी येतो आणि तुरटपणा जेमतेम जाणवतो. दोन-तीन आठवडे ठेवली तर चहाच्या त्या दुसऱ्या कपाजवळ जाते. काही ठिकाणी पाच-सहा महिने ठेवतात.

वाइनरीतल्या त्या छोट्या टाकीत शेनँ ब्लां या पांढऱ्या वाणाची द्राक्षं होती. आंबायला लागलं की आतून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि साली वर ढकलल्या जाऊन त्यांचा वीतभर जाड थर तरंगायला लागतो. तो थर तसाच राहिला तर वरून सुकतो आणि त्यावर आंबटपणा आणणारे जिवाणू बसतात. म्हणून दिवसातून दोन-तीनदा स्टीलच्या दांड्यानं तो खाली दाबायचा. पहिल्या दिवशी थर सहज दबतो, चौथ्या दिवशी सगळा जोर लावावा लागतो. थर फुटला की खालून गरम हवा येते, आणि तिला पिकलेल्या पेरूचा, फणसाच्या गऱ्याचा, थोडा ओल्या गवताचा वास असतो. त्या वेळी डोकं टाकीच्या आत घालायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कारण तो वायू जिवावर बेततो. आठवड्यानं माझी नखं पिवळी-तपकिरी झाली होती, हळद कांडल्यासारखी. बाटलीतला रंग कुठून येतो ते मला त्या नखांवर समजलं. साल आपला रंग सोडते, आणि हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू गडद करत जातो.

2. ही रीत कुठली, एवढं माहीत असू द्या

लेबलावर येणारे शब्द याच गोष्टीतून आले आहेत, म्हणून थोडक्यात सांगते.

या वाइनचं माहेर जॉर्जिया, काळ्या समुद्राच्या पूर्वेचा देश. तिथं क्वेव्री नावाचा मोठा मातीचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. आतून त्याला मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला असतो. द्राक्षं तुडवून रस, साली, बिया, काही भागांत देठसुद्धा त्यात भरतात, आंबणं ओसरलं की तोंड बंद करतात आणि पाच-सहा महिने तसंच ठेवतात. मला हे पहिल्यांदा वाचताना आपल्या हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं आठवली. तत्त्व एकच. जमीन ऊन-थंडी आत पोचू देत नाही आणि माल संथपणे टिकतो. या रीतीला 2013 साली युनेस्कोनं मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जॉर्जियात खोदकामात सापडलेल्या खापरांची तपासणी 2017 साली प्रसिद्ध झाली. त्यांत द्राक्षाच्या वाइनच्या खुणा आहेत आणि ती खापरं सुमारे 8000 वर्षांपूर्वीची आहेत. जॉर्जियातले लोक हिला ऑरेंज म्हणत नाहीत, अंबर म्हणतात.

आजचं वेड मात्र इटलीच्या ईशान्य टोकाला, फ्रिउली भागातल्या ओस्लाविया गावाच्या आसपास सुरू झालं. तिथले स्टांको राडिकॉन आणि यॉश्को ग्राव्नर हे दोन बागायतदार 1990 च्या दशकात जुन्या रीतीकडे वळले. ग्राव्नर यांची हकिगत द्राक्षवाल्या घरातल्या कुणालाही लागेल. 1996 साली गारपिटीनं त्यांचं जवळजवळ सगळं पीक नेलं. उरलेल्या थोड्या रिबोल्ला जाल्ला द्राक्षांवर त्यांनी साल ठेवून आंबवायचा प्रयोग केला. पुढे 2000 साली ते जॉर्जियाला जाऊन आले आणि 2001 पासून त्यांनी क्वेव्री वापरायला घेतली. गारपिटीनंतर बागेत उभं राहणं काय असतं ते मी लहानपणी पाहिलं आहे. आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. तशा वर्षी उरलेल्या घडांचं काही नवीन करून बघायला धीर लागतो.

"ऑरेंज वाइन" हे नाव मात्र अगदी अलीकडचं. डेव्हिड हार्वी या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्यानं ते 2004 च्या सुमाराला वापरात आणलं. लाल, गुलाबी, पांढरी या रांगेत चौथा रंग, एवढाच त्यामागचा विचार होता.

3. "आपल्या बागेतल्या द्राक्षांची करता येईल का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून त्याला वेगळी पायरी दिली आहे.

आपली द्राक्षं खायची आणि बेदाण्याची. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, आणि तास-ए-गणेश, जो आपल्याच तालुक्यातल्या बोरगावचा वाण. ही द्राक्षं पिढ्यान्‌पिढ्या पातळ साल, मोठा मणी आणि बी नसणं यासाठी निवडली गेली. मणी फुगावा म्हणून आपण जीए (जिबरेलिक आम्ल हे संजीवक) देतो, विरळणी करतो. गिऱ्हाइकाला दाताखाली साल लागू नये, हे आपलं यश. ऑरेंज वाइनला नेमकं उलटं लागतं. छोटा मणी, जाड साल, आत बी, आणि पिकल्यावरही टिकणारा आंबटपणा. मोठ्या मण्यात रस जास्त आणि त्या मानानं साल कमी, मग चव येणार कुठून? म्हणून वाइनसाठी शेनँ ब्लां, सोविन्यों ब्लां, व्हिओनिए असे वेगळे वाण लावतात. वाइन पार्कचं, म्हणजे वाइनरींसाठी राखलेल्या औद्योगिक जागेचं म्हणाल तर राज्याच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिककडे विंचूरला आणि आपल्याकडे पलूसला पार्क उभे राहिले. पलूसचं नाव त्यामुळेच कागदोपत्री वाइनशी जोडलेलं आहे, पण आपल्या जिल्ह्याचा जीव अजून खायच्या द्राक्षांत आणि बेदाण्यातच आहे.

आणि घरी करून बघायचं मनात असेल तर ते सोडा. परवान्याशिवाय कोणतंही मद्य तयार करणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. "दोन लिटरच तर करतोय" हे कारण चालत नाही. शिवाय बंद खोलीत आंबवण, काचेच्या बंद बरणीत साठलेला वायू, यांनी अपघात होतात. बाग असेल आणि खरोखर रस असेल तर वाइनरीत हंगामात काम मागा. जानेवारी ते मार्च माणसं कमी पडतात, शिकायला मिळतं.

4. बाटली शोधा आणि लेबल वाचा

सांगली-मिरजेच्या नेहमीच्या दुकानांत ती समोर मांडलेली सहसा मिळणार नाही. दुकानदाराला "ऑरेंज वाइन आहे का" असं विचारलंत तर तो फळाची वाइन काढून देण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी "स्किन कॉन्टॅक्ट व्हाइट" म्हणा. मागवून देता का, तेही विचारा. नाही जमलं तर पुण्याची मोठी दुकानं आहेतच.

लेबलावर हे शब्द शोधा :

- स्किन कॉन्टॅक्ट किंवा मॅसरेटेड : साल ठेवून केलेली. पुढे दिवसांचा आकडा असला तर फारच उत्तम.
- अंबर, क्वेव्री : बहुधा जॉर्जियाची. रकात्सितेली हे तिथलं नेहमी भेटणारं द्राक्ष.
- रामातो : इटलीत पिनो ग्रिजो या फिकट गुलाबी-करड्या सालीच्या द्राक्षाची तांबूस वाइन. नवख्यासाठी सौम्य.
- अनफिल्टर्ड : गाळलेली नाही. तळाशी गाळ असणारच.

दोन ठिकाणी लोक अडकतात. एक, घटकांत संत्र्याचा रस किंवा संत्र्याचा स्वाद लिहिला असेल तर ती वेगळी चीज आहे. मी अशीच एक आणली होती. पुढच्या बाजूला द्राक्षाच्या पानाचं चित्र होतं, मी मागची बाजू वाचलीच नाही. दोन, "नॅचरल वाइन" आणि ऑरेंज वाइन एक नव्हेत. नॅचरल म्हणजे आंबवणारं यीस्ट बाहेरून न घालता, सल्फाइट (वाइन टिकवायचं रसायन) नाममात्र किंवा अजिबात न घालता केलेली. ती लाल, पांढरी कोणतीही असू शकते. बऱ्याच ऑरेंज वाइन नॅचरल पद्धतीच्या असतात, सगळ्या नसतात. पहिल्या बाटलीला मी अगदी सल्फाइट नसलेली घेऊ नका म्हणेन. आपल्या हवेत ती वाटेत बिघडायचा धोका जास्त.

किमतीचं सांगायचं तर आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं, त्यावर राज्याचे कर. त्यामुळे तिकडची साधी बाटलीही इथं महाग दिसते. एकट्यानं घेऊ नका. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात. चौघांनी वर्गणी काढली तर परवडतं आणि शिकायलाही बरं पडतं.

सीमेपलीकडून, म्हणजे कर्नाटकातून किंवा गोव्यातून, स्वस्त मिळते म्हणून गाडीत टाकून आणू नका. आपल्या राज्याचा कर न भरलेलं मद्य जवळ सापडलं की उत्पादन शुल्क विभाग कारवाई करतो. अथणी, बेळगाव हाकेच्या अंतरावर असल्यानं आपल्या भागात ही चूक फार होते.

5. बाटली घरी आणणं

मे महिना होता. पुण्याहून तीन बाटल्या घेतल्या आणि गाडीच्या डिकीत ठेवल्या. साताऱ्याजवळ जेवायला थांबलो, गाडी उन्हात, तासभर गप्पा. सांगलीला येऊन डिकी उघडली तर एका बाटलीचा कॉर्क तीन-चार मिलिमीटर वर आलेला आणि त्याच्या कडेनं चिकट ओघळ. उघडल्यावर वास आला उकडलेल्या सफरचंदाचा आणि जळक्या गुळाचा. बाकी दोन वरून ठीक दिसत होत्या, पण चव त्यांचीही गेली होती. महिनाभराची बचत होती ती.

तेव्हापासून फोमचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या बरोबर ठेवते. बर्फ बाटलीला थेट लागू देऊ नका, मध्ये टॉवेल घाला. बाटल्या डिकीत न ठेवता माणसांबरोबर आत, सीटच्या खाली ठेवा. जमलं तर खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच उरका. दुकानातही बघून घ्या. बाटली काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असेल, वर धूळ असेल, कॉर्क वर आलेला असेल तर नको म्हणा. सरळ बोला, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आपण बेदाण्याच्या सौद्यात मूठभर माल हातात घेऊन बघतोच की.

घरी आल्यावर बाटली आडवी, अंधारात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रिजच्या दारात नको, उघडझाकीनं ती सारखी हलते.

6. किती थंड, आणि कधी उघडायची

पिण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, म्हणजे गाळ तळाला बसेल. प्यायच्या अर्धा तास आधी फ्रिजमधून बाहेर काढा. साधारण 12 ते 15 अंश हवेत. माठातल्या पाण्यापेक्षा थोडी गार, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बर्फगार दिली तर वास मिटतो आणि नुसता तुरटपणा पुढे येतो. माझ्या पहिल्या बैठकीत मी ती बीअरसारखी गार दिली होती. चौघांपैकी तिघांनी ग्लास अर्धा सोडला. तासाभरानं आवरायला घेतलं तेव्हा कोमट झालेल्या एका ग्लासाला जर्दाळूचा आणि मधाचा इतका छान वास येत होता की मी तिथंच खाली बसले आणि तो ग्लास सावकाश संपवला.

ग्लासात बर्फ नको, सोडा नको.

7. चव घेताना

तिसरा हिस्सा भरेल एवढंच ओता. पांढऱ्या कागदावर ग्लास धरून रंग बघा. थोडी धूसर असली तर घाबरू नका. ग्लास न हलवता एकदा वास घ्या, मग फिरवून पुन्हा घ्या. वाळलेलं जर्दाळू, संत्र्याची साल, मध, चहाची पत्ती, अक्रोड, सुंठ, कधी ओल्या मातीचा वास. सगळे वास तुम्हाला येतीलच असं नाही, आणि पुस्तकी शब्द शोधायची गरजही नाही. आप्पांनी पहिल्यांदा वास घेतला आणि म्हणाले, "शेडमदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतोय तसा." बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर टाकलेली द्राक्षं सुकायला लागतात तेव्हाचा वास. मी तोवर बरंच काही वाचलं होतं, पण इतकं अचूक वर्णन कुठं सापडलं नव्हतं.

मग छोटा घोट. गिळायच्या आधी जिभेवर दोन-तीन सेकंद फिरवा. आधी आंबट, मग फळ, मग शेवटी तो खरखरीत तुरटपणा. पहिल्या घोटावर मत बनवू नका. तिसऱ्या घोटाला तोंड सरावतं. आप्पा पहिल्या घोटाला म्हणाले, "हे तर साल चावल्यासारखं लागतंय की." बरोबरच होतं त्यांचं.

8. बिघडलेली आहे की अशीच असते?

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण ऑरेंज वाइनची नेहमीची चवच नवख्याला अनोळखी असते. मी एक चांगली बाटली याच गोंधळात मोरीत ओतली.

काळजी करू नका अशा गोष्टी : धूसरपणा, तळाचा गाळ, कॉर्कला चिकटलेले साखरेसारखे खडे (ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, चिंचेतही तेच आम्ल असतं), अक्रोडासारखा वास, उघडल्यावर पहिली दहा मिनिटं येणारा काडीपेटीचा किंचित वास.

बिघडल्याच्या खुणा या :

- नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा तीव्र वास, किंवा सरळ व्हिनेगर.
- ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात कुबटलेल्या वर्तमानपत्राचा वास. हा कॉर्कचा दोष. हवा लागून जात नाही, उलट वाढतो.
- उंदराच्या बिळासारखी चव. ही फसवी असते. नाकाला काही कळत नाही, घोट गिळल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी घशामागे येते, कारण लाळेनं आंबटपणा कमी झाला की मगच तो वास सुटा होतो. सल्फाइट न घातलेल्या वाइनमध्ये हा दोष जास्त.
- उकडलेल्या फळाचा, जळक्या गुळाचा वास. उन्हात तापलेली बाटली.

शंका आली तर बाटली कॉर्क लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. ओतून द्यायला घाई नसते.

9. सोबत काय खायचं

या वाइनचं नाव वाढलं त्यामागे जेवण हे मोठं कारण आहे. पांढरी वाइन मसाल्यापुढे विरून जाते, रेड कधी कधी जेवणाला दडपते. हिच्यात पांढरीचा आंबटपणा आहे आणि रेडचा तुरटपणाही, त्यामुळे तेल, दाणे, लसूण, हळद या सगळ्यांपुढे ती उभी राहते.

आपल्या ताटातलं मला सगळ्यात जुळलेलं म्हणजे कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी. दाण्याच्या कुटाचा आणि तिळाचा स्निग्धपणा तुरटपणाला धरून ठेवतो, प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ होतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर तर फारच छान. शेंगदाण्याची चटणी तेल घालून, झुणका, सुकं मटण कमी तिखटाचं, जुनं कडक चीज, आणि संध्याकाळी नुसतं भडंग. भडंगातला तळलेला लसूण आणि मीठ हिच्याशी इतके जमतात की आमच्या घरी आता दुसरं काही काढतच नाहीत.

न जमणारं : खर्डा आणि झणझणीत तांबडा रस्सा. तिखट आणि टॅनिन एकमेकांना भडकवतात, अल्कोहोल त्यात भर घालतं, तोंड पेटतं. आपल्याकडच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण एकदा करून बघितलं की पटतं. गोडही नको. बासुंदी किंवा कंदी पेढ्यानंतर हीच वाइन लिंबासारखी आंबट लागते.

आणि जेवणाबरोबरच घ्या, उपाशीपोटी नको. हिच्यात साधारण 11 ते 14 टक्के अल्कोहोल असतं. एक, फार तर दोन ग्लास, आणि नंतर गाडीला हात नाही. गरोदर बाई, औषधं चालू असलेली माणसं, ज्यांना एकदा हात लागला की थांबता येत नाही ते, यांना आग्रह करू नका, एकदाही नाही. आपल्या सातारा-सांगलीकडच्या बायकांनी दारूबंदीच्या "उभी बाटली, आडवी बाटली" मतदानासाठी गावोगाव पायपीट केली आहे, आणि दारूनं मोडलेली घरं माझ्याही भावकीत आहेत. मी हे सगळं लिहिते ते द्राक्षाच्या आणि चवीच्या प्रेमापोटी. कुणी न पिणारा यामुळे प्यायला लागावा, हे मला मुळीच नको आहे. न पिणाऱ्यानं पहिली पायरी करावी, साल चावून बघावी, त्यातही भरपूर कळतं.

10. बाटली तीन दिवस पुरवा

पांढरी वाइन उघडली की एक-दोन दिवसांत उतरते. ऑरेंज वाइन जास्त दम धरते. टॅनिन आहे आणि घडतानाच तिला थोडी हवा लागलेली असते. म्हणून पहिल्या दिवशी सगळी संपवू नका. प्रत्येकी अर्धा ग्लास घ्या, कॉर्क लावा, फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तेवढीच. तिसऱ्या दिवशी उरलेली. दर वेळी वहीत तीन ओळी लिहा. रंग कसा, वास कशाचा, तुरटपणा वाढला की उतरला.

माझ्या वहीतली एका जॉर्जियन बाटलीची नोंद अशी आहे. पहिला दिवस : काडीपेटी, चहा, फार तुरट. दुसरा : जर्दाळू, मध, तुरटपणा जिभेच्या मागे सरकला. तिसरा : बेदाणा, अक्रोड, सगळ्यात चांगली. पहिल्याच रात्री संपवली असती तर माझं मत "फार तुरट" एवढ्यावर थांबलं असतं.

शेवटचा दोन बोटं गाळ ग्लासात ओतू नका, तो कडवट लागतो. बाटली तिरकी धरून उजेडासमोर बघत ओता आणि गढूळ धार आली की थांबा.

दुसरी बाटली घेताना पहिलीच्या लेबलाचा फोटो दुकानदाराला दाखवा. पहिली फार तुरट वाटली असेल तर साल कमी दिवस ठेवलेली मागा, रामातो बघा. अगदीच फिकी वाटली असेल तर क्वेव्रीतली, पाच-सहा महिन्यांची. आणि जमलं तर एकाच द्राक्षाच्या दोन बाटल्या एका संध्याकाळी शेजारी ठेवा, एक नेहमीची पांढरी आणि एक सालीसकट आंबवलेली. चौघांच्या वर्गणीत तेवढं बसतं.